थायलंडमध्ये राहून दूरस्थ काम: डीटीव्ही व्हिसाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

पर्यटक म्हणून थायलंडला जाऊन हॉटेलच्या खोलीतून नोकरीचे काम उरकण्याची वाट अनेकांनी चोखाळली असली, तरी तेथील सरकारने जुलै 2024 पासून अशा कामासाठी ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ म्हणजेच डीटीव्ही सुरू केला आहे. या व्हिसाची मुदत 5 वर्षांची असते. मात्र त्यावर सलग 5 वर्षे राहता येत नाही. प्रत्येक प्रवेशावर 180 दिवस मिळतात आणि ती मुदत तेथील इमिग्रेशन कार्यालयाच्या परवानगीने एकदा वाढवता येते.

अर्जदाराचे वय किमान 20 वर्षे असावे, आणि त्याचे काम थायलंडबाहेरील कंपनीसाठी किंवा ग्राहकांसाठी असावे. थाई कंपनीत नोकरी करायची असल्यास हा व्हिसा चालत नाही.

पासपोर्ट, छायाचित्र आणि किमान 5 लाख बात (थायलंडचे चलन) इतकी रक्कम दाखवणारे बँकेचे स्टेटमेंट ही कागदपत्रे जमवणे तुलनेने सोपे आहे. खरी कसोटी लागते ती कामाच्या पुराव्याची. आपल्याकडील कंपन्या घरून काम करण्याची जी परवानगी देतात, तिच्यात परदेशातून काम करण्याचा उल्लेख बहुधा नसतो. त्यामुळे हुद्दा, पगार आणि थायलंडमधून काम करण्यास कंपनीची संमती असल्याचे स्पष्ट लिहिलेले पत्र कंपनीच्या लेटरहेडवर आधीच मागून घ्यावे आणि त्यासोबत नोकरीचा करार व पगाराच्या स्लिपा जोडाव्यात. स्वतंत्र व्यावसायिकांनी ग्राहकांशी झालेले करार, बिले आणि ती रक्कम खात्यात जमा झाल्याच्या नोंदी एकमेकांशी जुळतील अशा लावाव्यात.

अर्ज थायलंडच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावर, थायलंडबाहेर असतानाच करावा लागतो. महाराष्ट्रातील रहिवाशांचे अर्ज मुंबईतील थाई वाणिज्य दूतावासाकडे जातात. मूळ शुल्क 10,000 बात असून अर्ज नाकारला गेल्यास ते परत मिळत नाही, म्हणून तिकीट काढण्याची घाई करू नये. जोडीदार व 20 वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र अर्ज भरून विवाहाचा किंवा जन्माचा दाखला जोडावा.

व्हिसा मिळाल्यावरही दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात. सलग 90 दिवस राहिल्यास इमिग्रेशनकडे पत्त्याची नोंद द्यावी लागते. आणि एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस भरले की थाई कायद्यानुसार करनिवासी, म्हणजे कराच्या दृष्टीने तेथील रहिवासी, ठरण्याचा प्रश्न येतो, ज्याचा सल्ला निघण्यापूर्वीच सनदी लेखापालाकडून घेतलेला बरा.