बॅटरी उतरलीय, की करंट पोचत नाहीये?

पावसाळा सरत आला की किनारपट्टीवरच्या जुन्या गाड्यांचं एकच रडगाणं सुरू होतं: सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून देणारी मोटर, मरगळलाय. चावी फिरवली की इंजिन दोन आचके देऊन थांबतं, नाहीतर नुसतं ‘टक’ होतं. निदानही ठरलेलं, ‘बॅटरी गेली’. नवी बॅटरी बसते, गाडी झटक्यात सुरू होते आणि निदान बरोबर होतं असं सगळे धरून चालतात. काही महिन्यांनी पुन्हा तेच सुरू झालं की खापर नव्या बॅटरीवर फुटतं. धडधाकट बॅटऱ्या अशा भंगारात जातात याची खरोखर चीड येते, कारण दोष बहुतेक वेळा वीतभर वायरीत आणि दोन टर्मिनलांत असतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी पकडत नाही, तर बॅटरी आणि करंटचा हा वाद तिथे नाहीच. प्लगला ठिणगी नाही किंवा पेट्रोल येत नाही, एवढंच बघायचं. पावसात उभ्या असलेल्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० किंवा पद्मिनीत पहिला संशय डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याच्या, कॅपवर घ्या. कॅप काढा, आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, जाड वायरी आणि प्लगची पांढरी चिनीमातीही पुसा. खाऱ्या वाऱ्याने त्यांवर मिठाचा पातळ थर बसतो, तो ओल धरतो आणि ठिणगी प्लगच्या टोकाला जाण्याऐवजी बाहेरूनच इंजिनात उतरते.

उतरलेली बॅटरी सगळ्यांच्या ओळखीची आहे. गणपतीला आणलेली गाडी शिमग्यापर्यंत मांगरात उभी राहिली तर बॅटरी उतरणारच, त्यात गूढ काही नाही. मल्टिमीटर लावा: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी असेल तर सावकाश चार्ज करा. चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी आपोआप उतरली तर ती खरोखर गेली.

खरा घोळ पुढे आहे. बॅटरी १२.६ दाखवते, हॉर्न खणखणीत, हेडलाइट पांढरेशुभ्र, आणि सेल्फ तरी मेलेला. ‘लाइट लागते म्हणजे करंट आहे’ हे वाक्य इथे माणसाला फसवतं. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर खातात, छोट्या गाडीचा सेल्फ १०० च्या वर. टर्मिनलवरच्या गंजामुळे वाटेत ०.०३ ओहम इतका क्षुल्लक अडथळा आला असं समजा. हेडलाइटच्या वाटेत तिथे ०.३ व्होल्ट जातील, डोळ्याला फरक कळणारही नाही. सेल्फने १०० अँपिअर ओढायचे म्हटले तर त्याच जागी ३ व्होल्ट गिळले जातात, आणि सेल्फच्या हाती उरतं काय! मल्टिमीटर ओहमवर ठेवूनही हे सापडत नाही, ०.०३ ओहम साध्या मीटरला दिसतच नाही. म्हणून वायर ‘चेक केली, ठीक आहे’ या बोलण्याला सेल्फ फिरत नसताना काडीची किंमत नाही. मोजायचं ते सेल्फ मारतानाच.

ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे गाडी सुरू होणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. एकाने चावी धरायची, एका वेळी ५ सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट विसावा. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवा, त्यांवर आवळलेल्या क्लॅम्पवर नाही. निम्मे लोक इथेच चुकतात. खराब सांधा खांब आणि क्लॅम्प यांच्या मधेच असतो, क्लॅम्पवर मीटर लावलात तर तो दोषही बॅटरीच्या नावावर चढतो.

सेल्फ मारताना खांबांवरचा आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर, किंवा क्वचित सेल्फच जाम. भरवशाची दुसरी बॅटरी लावली की उलगडा होतो. पण सेल्फ रखडतोय आणि आकडा १२ च्या आसपासच राहतोय, तर बॅटरीला हात लावू नका. ती द्यायला तयार आहे, तिच्याकडून कोणी घेतच नाहीये.

आता एक टोक निगेटिव्हच्या खांबावर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या, खरवडलेल्या धातूवर. पुन्हा सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हची इंजिनापर्यंतची वाट, खराब. मग दुसरं टोक एकेक पायरी सरकवा: क्लॅम्प, बॉडीचा बोल्ट, गिअरबॉक्स. ज्या पायरीला आकडा उडी मारतो, तोच सांधा उघडायचा. पॉझिटिव्हला खांबापासून सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या, जाड बोल्टपर्यंत अर्धा व्होल्ट ही मर्यादा.

अर्थिंगवर इतका भर का, तर इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. बॉडीशी त्याचं नातं एका वायरीने किंवा पट्टीने जोडलेलं, आणि ती पट्टी खाली, चाकाने उडवलेल्या पाण्यात. ती कुजली की करंट चोरवाट शोधतो: क्लचची किंवा चोकची केबल. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागली तर निदान झालंच. शिवाय बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही इंजिनालाच अर्थ असतो, म्हणून पट्टी खराब असेल तर बॅटरी पूर्ण चार्जही होत नाही. गाडी चालू असताना खांबांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या आसपास घुटमळत असतील तर बॅटरी उतरते खरी, पण ती गुन्हेगार नाही, बळी आहे.

मीटर नाही? जंपर केबलची एकच तार घ्या. एक चिमटा निगेटिव्हच्या खांबावर, दुसरा इंजिनाच्या धातूवर, आणि सेल्फ मारा. जोमाने फिरला तर अर्थिंगच. धक्का मारून सुरू होण्याने मात्र काही सिद्ध होत नाही. ठिणगीला मोजके अँपिअर पुरतात, ते दोन्ही प्रकारच्या बिघाडांत मिळतात. आणि नवी बॅटरी बसवताना क्लॅम्प उघडतात, घासतात, आवळतात. गाडी सुरू होते ती बहुधा त्या घासण्याने.

दुरुस्ती स्वस्त आहे. आधी निगेटिव्ह सोडा, लावताना तो शेवटी. क्लॅम्पवर जमणारी निळी-हिरवी भुकटी म्हणजे मोरचूद, सुपारीवर मारायच्या बोर्डो मिश्रणातला तोच. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने लावा, फसफस थांबेपर्यंत. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. मग खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासा, शिसं चांदीसारखं चमकेपर्यंत. आवळा, आणि व्हॅसलीन त्यानंतर, बाहेरून. आधी ग्रीस थापून वर क्लॅम्प ठोकण्याची सवय सोडाच. सैल क्लॅम्पमध्ये खिळा किंवा पत्र्याची पट्टी कोंबणं तर महापाप, नवा क्लॅम्प आणा. बॉडीच्या बोल्टखालचा रंग आणि गंजही खरवडून काढा, तिथे रंग राहिला तर बाकी सगळी मेहनत फुकट.

केबल हातात घेऊन वाकवा. ताठ झाली असेल, आत करकर वाजत असेल, तर टोकाकडचं सेंटिमीटरभर रबर सोला. तार तांबूस असायला हवी. काळी किंवा हिरवी निघाली तर खारी ओल तारेतून आत चढली आहे, टर्मिनल कितीही घासलं तरी उपयोग नाही. वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत समुद्रालगतच्या गाडीला साधी तांब्याची केबल पुन्हा घालू नका. बोटींच्या वायरिंगला वापरतात ती कथिलाचा मुलामा असलेली घ्या, २५ चौरस मिलिमीटरची, टोकाला थिंबल (बोल्टात अडकणारा धातूचा डोळा) दाबून बसवलेलं आणि सांध्यावर गरम करून आवळणारी रबरी नळी. इंजिनाला थेट बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक, बॉडीला दुसरी.