व्यत्यय वेगळा, चाळा वेगळा

घरून काम करणाऱ्या कुणालाही विचारा, आज काम का झालं नाही? "घरात फार डिस्टर्ब होतं हो." पुढे यादी. बेल वाजते, कुकर शिट्ट्या देतो, वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू होतं, मुलाला नेमका आत्ताच शार्पनर सापडत नाही. आणि त्याच दमात, जणू तीही बेलच असावी अशा सुरात, "मग मोबाइल हातात येतो नि अर्धा तास जातो." कुरियरवाल्याचं बोट आणि स्वतःचा अंगठा, दोघं एकाच यादीत! त्यामुळे सल्लाही दोघांवर एकच मिळतो: दार लावून घ्या, हेडफोन घाला, कामासाठी वेगळी खोली ठेवा. नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत पाच माणसं आहेत. वेगळी खोली म्हणजे न्हाणीघर. पण तो राग बाजूला ठेवला तरी सल्ला चुकतोच, कारण यादीतल्या या दोन गोष्टींची जातच वेगळी. एकीला मी व्यत्यय म्हणते, दुसरीला चाळा.

मी हिशेबाची कामं करते. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीतली सहा छोटी वर्कशॉपं माझ्याकडे आहेत. बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, मी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवते, १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी (सप्लायरांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवलेल्या बिलांची यादी) आला की खरेदीच्या नोंदी त्याच्याशी जुळवते आणि २० तारखेच्या आत ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला, तो तिथेच राहिला.

व्यत्ययाबद्दल फार सांगायला नको, त्या विषयात आपण सगळेच पदवीधर. घंटागाडीचं गाणं, सिलिंडरवाला, ओटीपी मागणारा डिलिव्हरीवाला, आईंची (सासूबाईंना मी आईच म्हणते) "अगं, माझा चष्मा बघितलास का?" ही हाक. तो बाहेरून येतो, आवाज करत येतो आणि त्याचं काम झालं की जातो. दोनच गोष्टी सांगून पुढे सरकते.

एक म्हणजे ते २३ मिनिटांचं पालुपद. "एकदा लक्ष उडालं की परत यायला २३ मिनिटं १५ सेकंद लागतात" हे वाक्य सेकंदांसकट सगळीकडे फिरतं. आकडा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या ग्लोरिया मार्क यांच्या अभ्यासातून आला आहे. पण मन थाऱ्यावर यायला किती वेळ लागतो, हे तो सांगतच नाही. तुटलेलं काम माणसानं पुन्हा हातात घेईपर्यंत गेलेला तो वेळ, आणि त्या वेळात लोक मधली दोनेक दुसरी कामं उरकत होते. शिवाय ती ऑफिसातली माणसं होती. मी सिलिंडर आत घेऊन दोन मिनिटांत परत बसते. उरलेली २१ मिनिटं कुणाच्या खात्यावर टाकू? मार्क यांच्याच २००८ च्या एका प्रयोगात तर ज्यांना मध्येमध्ये तोडलं त्यांनी काम उलट लवकर संपवलं, दर्जाही घसरला नाही. वाढली ती घाई, चिडचिड आणि ताण. संध्याकाळी डोकं का भणभणतं त्याचं उत्तर यात आहे. काम का झालं नाही, त्याचं नाही.

दुसरं, उठण्याआधीचे पाच सेकंद. बेल वाजणं आणि आपण खुर्चीतून उठणं यांच्यात एक फट असते. एरिक ऑल्टमन आणि ग्रेगरी ट्रॅफ्टन या मानसशास्त्रज्ञांनी या फटीवर बरंच काम केलं आहे. तेवढ्यात 'पुढे काय करायचं होतं' याची खूण रोवून ठेवली, तर काम परत उचलणं सोपं जातं. मी मनावर विसंबत नाही, वहीत अर्धी ओळ खरडते. "बिल ४१२ पासून." मग खुशाल चष्मा शोधायला जाते.

व्यत्ययाचं एवढंच. घोळ आहे तो चाळ्यात.

दुसऱ्यानं तोडलं तर व्यत्यय, आपण तोडलं तर चाळा, असं कुणीही सांगेल. ऐकायला सोपं आहे. पण घरात बसून हा नियम लावायला गेलात की फसाल, कारण आपण समजतो तसा चाळा म्हणजे फक्त मोबाइल नव्हे. घरातला सगळ्यात मातब्बर चाळा कर्तव्याचे कपडे घालून येतो.

मला हे कळलं ते मागच्या मे महिन्यात. घरचे सगळे लग्नाला सिन्नरला गेले, दोन दिवस. २बी येऊन तीन दिवस झालेले, माझ्या हातात पूर्ण रिकामं घर. सहाच्या सहा पार्ट्यांची, म्हणजे वर्कशॉपांची, जुळणी संपवायची, असं ठरवून बसले. बेल नाही, हाक नाही, घंटागाडी सकाळीच येऊन गेलेली. संध्याकाळपर्यंत किती झालं? दीड पार्टी. पण मटकी भिजत घातलेली होती, फ्रिज पुसलेला होता, हिवाळ्यातले स्वेटर कपाटाच्या वरच्या फळीवर गेले होते, देवघरातली भांडी चिंचेनं घासून लख्ख झाली होती. मोबाइलवर म्हणाल तर वीसेक मिनिटं गेली असतील. रात्री आईंचा फोन आला, "आज तरी शांतपणे काम झालं ना गं?" मी "हो" म्हटलं. काय सांगणार?

त्या दिवशी मला कुणीही हाक मारली नव्हती. फ्रिज चार महिने तसाच होता आणि आणखी चार महिने तसाच चालला असता. मीच उठले होते. आणि एरवी, घर भरलेलं असताना, हीच मटकी भिजत घालून मी "घरात काम होतच नाही" म्हणून आईंवर आणि मुलांवर खापर फोडत होते.

यानंतर मी नोंद ठेवायला लागले. त्यासाठी पोमोडोरो पद्धतीतला एक भाग उसना घेतला. ही पद्धत इटलीतल्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना काढली. टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर घेऊन, म्हणून 'पोमोडोरो', इटालियनमध्ये टोमॅटो. लोकांनी त्यातलं काय उचललं, तर २५ मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. याची मला खरोखर चीड आहे, कारण त्यातली शहाणपणाची गोष्ट वेगळीच आहे. चिरिलो लक्ष तुटण्याच्या दोन जाती मानतात आणि कागदावर त्यांच्या खुणाही वेगळ्या करतात: बाहेरून तुटलं तर आडवी रेघ, आतून तुटलं तर अपॉस्ट्रॉफी ('). म्हणजे मी वर जे पदर खोचून सांगते आहे ते त्या टोमॅटोत आधीपासून होतं. सगळ्यांनी टायमर घेतलं आणि खुणा टाकून दिल्या.

दोन आठवडे मी खुणा केल्या. बाहेरच्या रेघांना काही ढब नव्हती. सकाळी जास्त, दुपारी कमी, बस्स. आतल्या खुणा मात्र ठरावीक जागी गर्दी करून बसल्या होत्या. बिलं टॅलीत चढवताना, ज्या कामाला मी कंटाळवाणं म्हणते त्यात, तासन्‌तास एकही नाही. जुळणी करताना दर दहा मिनिटांनी एक. आणि जुळणीतही कुठे? पार्टीकडे १,१८,००० चं बिल आहे, माल आला आहे, पैसे गेले आहेत, आणि २बीत त्या बिलाचा पत्ता नाही. २बीत बिल नाही म्हणजे त्यावर दिलेल्या १८,००० च्या जीएसटीचं क्रेडिट नाही, तेवढी रक्कम पार्टीच्या करातून वजा होत नाही. आता त्या सप्लायरला फोन करून "तुम्ही रिटर्नमध्ये बिल दाखवलंच नाहीये" असं सांगायचं, त्यानं "मॅडम, आमच्या सीएला विचारतो" म्हणायचं, आणि मग मालकाला कळवायचं. नेमक्या याच बिलाशी मला आठवतं की मटकी भिजत घालायची राहिली.

व्यत्ययाला तुमच्या कामातलं काही कळत नाही. सिलिंडरवाला सोप्या बिलालाही येतो आणि अवघड बिलालाही येतो. चाळ्याला मात्र तुमचं काम तुमच्याइतकंच कळतं. वाक्य सुचत नाही, फॉर्म्युला चुकतोय, नको असलेला फोन करायचा आहे, अशा ठिकाणीच तो हात धरून उठवतो. तेव्हा एखादं उठणं कुठल्या जातीचं हे ठरवायचं असेल, तर कुणी तोडलं एवढंच विचारून भागत नाही. स्क्रीनवर त्या वेळी काय उघडं होतं तेही बघावं लागतं. आईंनी सांगितलं म्हणून सोप्या नोंदी करता करता भिजवलेली मटकी हा व्यत्यय. सप्लायरचा नंबर समोर असताना आपणहून भिजवलेली मटकी हा चाळा. वाटी तीच.

आणखी एक फरक, जो मला सगळ्यात महाग पडला. व्यत्ययातून आपण परत येतो, कारण आपण गेलो होतो हे माहीत असतं. चाळ्यात गेल्याचंच कळत नाही, आपण तर कामच करत असतो! बायकांच्या बाबतीत हे दुप्पट लागू आहे, असं माझं स्पष्ट मत. पुरुष कामाच्या वेळात क्रिकेटचा स्कोअर बघत बसला तर त्याला निदान चोरी केल्यासारखं वाटतं. मी फ्रिज पुसला तर घर खूश होतं.

पिंगचं काय, हा प्रश्न येणारच. टिंग वाजलं बाहेरून, उघडलं मी. माझा हिशेब असा: वाजणं ही आडवी रेघ, उघडणं ही अपॉस्ट्रॉफी, दोन्ही मांडायच्या. वाजणं फुकटचं नसतं. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात २०१५ मध्ये दिसून आलं की फोन हातात न घेताही, नुसतं नोटिफिकेशन आल्याचं कळलं तरी लक्षाच्या चाचणीत चुका वाढतात. म्हणून आवाज बंद, याबद्दल माझ्याकडे चर्चा नाही. पण आवाज बंद केल्यावर "काही आलं असेल का?" म्हणून उचललेला फोन हा शंभर टक्के चाळा, त्याला कंपनीच्या चॅटचा हिरवा ठिपका वाचवत नाही. ज्यांना दिवसभर चॅटवर राहावं लागतं त्यांची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे हे मान्य. तरी आलेल्या निरोपांची आणि आपण बघायला गेलेल्या वेळांची संख्या एकदा शेजारी शेजारी लिहून बघा.

मग लोकांची गल्लत होते ती का? कारण दोन्ही नात्यातले आहेत. लॉरा डॅबिश, ग्लोरिया मार्क आणि व्हिक्टर गोन्सालेस यांच्या २०११ च्या अभ्यासात असं दिसलं की एका तासात बाहेरचे व्यत्यय जास्त झाले, तर पुढच्या तासात माणूस स्वतःच स्वतःला जास्त तोडतो. जणू अंगवळणी पडतं. सकाळी सारखी बेल वाजली की दुपारी शांततेतही मी उठत राहते, आणि संध्याकाळी सगळा दोष बेलवर टाकते. सकाळपुरता तो खराही असतो.

उपायांची मात्र गल्लत नको. व्यत्ययाचा उपाय माणसांशी बोलण्याचा आहे. आईंना मी सांगितलं, "आई, चष्मा, गोळ्या, टीव्हीचा रिमोट, जे काही असेल ते अकरा वाजता एकदम सांगा, मी उठतेच तेव्हा." त्यांनी दोन दिवस फुरंगटून घेतलं, आता अकराला यादी तयार असते. मुलाला शार्पनर तीन घेऊन दिले. घंटागाडीची वेळ माहीत आहे, तेव्हा अवघड काम काढतच नाही.

चाळ्यावर यातलं काहीच चालत नाही. दार लावलं तर तो आत राहतो. अ‍ॅप बंद करणारी अ‍ॅप मी वापरून सोडली. इन्स्टाग्राम बंद झालं की हात कपाटाकडे जातो, आणि कपाट बंद करणारं अ‍ॅप अजून निघालेलं नाही. मला उपयोगी पडलं ते एवढंच: उठावंसं वाटलं की आधी अपॉस्ट्रॉफी काढायची आणि तिच्यापुढे लिहायचं, स्क्रीनवर काय अडलं आहे. "सप्लायरला फोन." "मालकाला सांगायचं." बहुतेक वेळा अडलेलं काम तीन मिनिटांचं आणि नावडतं असतं. आता मी २बी उघडल्यावर न सापडणारी बिलं आधी बाजूला काढते आणि ते फोन साडेदहाच्या आत संपवते, चहा पिण्याआधी. उरलेली जुळणी मग बिलं चढवण्याइतकीच निर्बुद्ध होते, आणि निर्बुद्ध कामात मी कधी उठत नाही. मोबाइल पिठाच्या डब्यावर ठेवते, तोही फोन संपल्यावर.

हे लिहिताना वहीत दोन आडव्या रेघा पडल्या: एक कुरियर, एक आई (अकराच्या आधी, पण गोळीचा प्रश्न होता). अपॉस्ट्रॉफी सात. त्यातल्या चार चॅटच्या परिच्छेदावर, तो शेवटपर्यंत मनासारखा उतरला नाही. छोले भिजत घातले आहेत.