ईव्हीच्या वजनानं रस्ते फुटतात का?

पावसाळा लागला की नागपुरात चहाच्या टपरीवर हे हमखास ऐकू येतं: "ह्या बॅटरीवाल्या जड गाड्यांनीच रस्ते फोडले." हे खरं नाही.

गाड्या जड झाल्या, हे मात्र खरं. जुनी मारुती ८०० साडेसहाशे किलोच्या आसपास होती. आजच्या इलेक्ट्रिक एसयूव्ही दीड टनाच्या घरात, काही त्याहूनही जड.

पण रस्ता किती झिजेल ते ठरतं एका ॲक्सलवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, येणाऱ्या भारावरून, आणि झीज साधारण त्या भाराच्या चौथ्या घातानं वाढते. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर ट्रक फिरवून हे तपासलं गेलं. आता हिशेब करा. माणसांसकट दोन टनांच्या ईव्हीच्या एका ॲक्सलवर सुमारे १ टन येतो, भरलेल्या ट्रकच्या ॲक्सलवर १० टन. भार दहापट, झीज दहा हजारपट! चार टायरच्या ॲक्सलला तर २०१८ पासून ११.५ टनांची कायदेशीर मुभा आहे. ओव्हरलोड त्याच्याही वर.

त्यात आपली काळी माती. पाणी मुरलं की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नाली तुंबली की डांबर सुटणारच.

मला वजनाची काळजी वाटते ती वेगळ्या कारणानं. त्याच वेगात दुप्पट वजनाची गाडी दुप्पट ऊर्जेनं आदळते, आणि वर्धा रोडवर समोर बहुतेकदा स्कूटीवर कुणीतरी असतं.