डिपस्टिक काळी निघाली म्हणजे ऑइल संपलं?

डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काळी दिसली की ऑइल बदलायचं, हा समज नाशिकच्या गॅरेजांतून वर्षानुवर्षं चालत आलाय. तोही बोलेरो जिथे तयार होते त्या शहरात! डिझेल जळताना काजळी होते. ती साचू न देता स्वतःत तरंगत ठेवणं हे ऑइलचंच काम, म्हणून नवं ऑइलही लवकर काळं पडतं. सीएनजीवर ते बराच काळ सोनेरी दिसतं, पण उष्णतेने जुनं होतच असतं. पेट्रोलचं या दोन्हींच्या मधे. रंग सोडा, मॅन्युअलमधले किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरतील ते पाहा.

खरी काळजी ऑइलची पातळी वाढली तर करायची. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल एसयूव्हींत बहुधा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यात अडकलेली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. नाशिकातल्या नाशिकात कॉलेज रोड ते द्वारका चौक एवढ्याच छोट्या फेऱ्या असतील तर हे जाळणं अर्धवट राहतं, आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरून त्याला पातळ करतं. अधूनमधून इगतपुरीपर्यंत सलग गाडी काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) शिरल्याची शंका घ्या आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या.