मुलाच्या हाडात जंतुसंसर्ग: नाशिकमध्ये सरकारी योजनेतून उपचार कसे मिळवायचे

मूल लंगडतं, गुडघ्याजवळचं हाड दुखतं, संध्याकाळी अंग कोमट लागतं. ‘खेळताना मुरगळलं असेल’ म्हणून तेल चोळण्यात महिना जातो. कृपा करून तो घालवू नका.

मुलांच्या हाडात बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो. पण क्षयरोग हाडातही होतो, आणि तेव्हा खोकला असेलच असं नाही. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांत टायफॉइडच्या कुळातला साल्मोनेलाही सापडू शकतो. म्हणून डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड आधी दाखवा, आणि हाडातला पू काढला तर तो कल्चरबरोबर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) क्षयरोगाचा जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीलाही जातोय ना, हे विचारा. औषध यावरच ठरतं.

ऑपरेशन आणि भरतीच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. पिवळी, केशरी, पांढरी, कोणतीही शिधापत्रिका चालते. नसेल तर अधिवास दाखला. रुग्णालय मात्र योजनेतलं हवं आणि उपचार यादीत बसायला हवा. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये किंवा योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात गेलात तर आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, टेबल शोधा. मंजुरीचा प्रस्ताव रुग्णालयच ऑनलाइन पाठवतं.

सोबत मुलाचं आधार, शिधापत्रिका आणि तपासण्यांचे रिपोर्ट ठेवा. लहान मुलाचं नाव शिधापत्रिकेवर चढलेलं नसेल तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा फोटो न्या. खरी अडचण नावाची असते: आधारवर ‘ओमकार’, शिधापत्रिकेवर ‘ओंकार’. ते आजच जुळवून घ्या. सांधा सुजून ताप चढला असेल तर मात्र कागदांसाठी थांबू नका. तातडीत रुग्णालय फोनवरून मंजुरी घेऊ शकतं, कागद नंतर देता येतात. शंका असल्यास 155388 वर विचारा.

निदान क्षयरोगाचं निघालं तर वाट वेगळी. क्षयरुग्णांच्या नोंदीसाठीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद झाली की औषधं मोफत मिळतात, आणि 1 नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये. मुलाचं खातं नसेल तर आई-वडिलांचं चालतं. पासबुक आणि आधार द्या. हाडाच्या क्षयाची औषधं सहसा 12 ते 18 महिने चालतात. सहा महिन्यांनी मूल धावायला लागलं तरी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

सिकलसेलचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेव्हा अशा मुलासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्जही करून ठेवा. त्यासाठीच्या तपासणीची तारीख मिळाली की सगळे जुने रिपोर्ट घेऊन जा.