पेशीतूनच पेशी: एका ओळीला लागलेली जवळजवळ दोनशे वर्षं

"नवीन पेशी आधीच्या पेशींपासूनच तयार होतात" ही ओळ शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलीये, एका मार्काला येते, लिहून मोकळं व्हायचं. पण ही साधी वाटणारी गोष्ट कळायला माणसाला पेशी पहिल्यांदा दिसल्यापासून जवळजवळ दोनशे वर्षं लागली, आणि ज्याने ती खरोखर बघून दाखवली त्याचं नाव आपल्या नोट्समध्ये सहसा नसतंच. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

रॉबर्ट हूकचं १६६५ चं तर सगळ्यांना माहीत असतं, बुचाचा पातळ काप, त्यात दिसलेल्या बारीक खोल्या, त्यांना दिलेलं सेल हे नाव. पण त्या खोल्या रिकाम्या होत्या, मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती उरलेल्या. जिवंत, वळवळणारे एकपेशीय जीव दाखवले ते हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेवेनहूकने, तो कापडाचा व्यापारी, भिंगं स्वतः घासून बनवायचा, आणि १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पाण्यातल्या या जीवांबद्दल लांबलचक पत्र पाठवलं. त्यानंतर दीडशे वर्षं मोठं असं काही घडलं नाही. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशींमधल्या गोल ठिपक्याला नाव दिलं, तेच आपलं केंद्रक.

मग १८३८ मध्ये श्लायडेन आणि १८३९ मध्ये श्वान, दोघेही जर्मन शास्त्रज्ञ. झाडं काय, प्राणी काय, सगळे पेशींचेच बनलेत हे या दोघांनी मांडलं आणि ते बरोबरच होतं. पण नवीन पेशी येते कुठून याचं त्यांचं उत्तर साफ चुकलेलं होतं. त्यांचं म्हणणं, साखरेच्या पाकात खडीसाखर धरते तशी एका द्रवात आधी केंद्रकं धरतात आणि मग त्यांच्याभोवती पेशी तयार होते. आज हे विचित्र वाटतं, पण तेव्हाच्या मायक्रोस्कोपखाली पेशी म्हणजे काचेसारखा पारदर्शक थेंब, आत काय चाललंय ते दिसणार कसं? खरं तर १८३२ मध्येच बेल्जियमच्या द्युमोर्तिएने शेवाळाची पेशी मधोमध आडवी भिंत घालून दुभंगताना बघितली होती. पण ती शेवाळाची गोष्ट म्हणून बाजूलाच राहिली.

इथे येतो रॉबर्ट रेमाक. जन्म १८१५, पोझेन नावाच्या तेव्हा प्रशियात असलेल्या गावातला ज्यू घरातला मुलगा, शिकायला बर्लिनला आला आणि तिथेच राहिला. प्रशियात त्या काळी ज्यू माणसाला विद्यापीठात शिकवायची परवानगी नव्हती, धर्म बदलला असता तर दार उघडलं असतं, पण त्याने बदलला नाही. थेट राजाकडे अर्ज केला, शेवटी १८४७ मध्ये परवानगी मिळाली तीही सगळ्यात खालच्या पायरीवरची, आणि पूर्ण प्रोफेसर तो शेवटपर्यंत झालाच नाही. एवढं सगळं चालू असताना हा माणूस कोंबडीच्या अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाच्या रक्तपेशी बघत बसलेला असायचा. १८४१ मध्ये त्याने लिहिलं की या पेशी दुभंगून दोनाच्या चार होतायत. मग बेडकाची अंडी घेतली, पेशीचं आवरण कडक करायची युक्ती शोधली म्हणजे ते मधोमध आत चेपत जातं आणि दोन भाग वेगळे होतात हे नीट दिसावं. १८५२ मध्ये त्याने ठामपणे सांगून टाकलं, द्रवातून पेशी धरणं वगैरे काही नाही, शरीरातली प्रत्येक पेशी त्या एका फलित अंड्याच्या विभाजनातून आलेली आहे.

तीन वर्षांनी, १८५५ मध्ये, फिरखो या जर्मन डॉक्टरने हेच एका लॅटिन वाक्यात लिहिलं, ऑम्निस सेल्युला ए सेल्युला, रेमाकचं नाव न घेता. वाक्य गाजलं आणि फिरखोच्या नावावर चिकटलं ते आजपर्यंत. फिरखोचं स्वतःचं काम लहान नव्हतं हेही सांगायला पाहिजे, त्याने हा विचार आजारापर्यंत नेला, कॅन्सरची गाठ कुठल्या द्रवातून उगवत नाही तर आपल्याच शरीरातल्या पेशीतून वाढते हे १८५८ च्या त्याच्या लेक्चर्सनी डॉक्टरांच्या मनावर ठसवलं. पण नाव न घेणं ते न घेणंच, मला ते आजही खटकतं.

आता पेशी दुभंगते हे कळलं, पण आत काय होतं ते दिसायला रंग लागले, आणि ते आले कापडाच्या धंद्यातून. १८५६ मध्ये लंडनचा अठरा वर्षांचा पर्किन मलेरियावरचं क्विनाईन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग, त्यातून कृत्रिम रंगांचे कारखानेच्या कारखाने उभे राहिले. जर्मनीत कील इथे वाल्टर फ्लेमिंगने असले रंग सॅलमँडरच्या पिल्लांच्या पेशींना लावले, कारण त्या पेशी मोठ्या असतात, आणि केंद्रकातले धागे चक्क रंगून उठले. धागे आखूड जाड होतात, उभे चिरतात, अर्धे इकडे अर्धे तिकडे खेचले जातात. ग्रीकमध्ये धागा म्हणजे मिटोस, म्हणून १८८२ च्या पुस्तकात त्याने मायटोसिस म्हटलं. आपलं सूत्री विभाजन म्हणजे तोच धागा, सूत्र! हा मराठी शब्द ज्याने कोणी घडवला त्याचं मला फार कौतुक वाटतं. कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून प्रॅक्टिकलला आपण जे बघतो ते हेच. गंमत म्हणजे आनुवंशिकतेचे नियम सांगणारा मेंडेलचा पेपर १८६६ चा, तरी या धाग्यांचा आणि आनुवंशिकतेचा संबंध सटन आणि बोव्हेरी यांनी जोडेपर्यंत १९०२-०३ उजाडलं.

हे धागे म्हणजेच गुणसूत्रं, आणि ती मोजणंही सोपं नव्हतं. माणसात ४८ गुणसूत्रं असतात असं १९२० च्या दशकापासून तीस वर्षं पुस्तकांत छापून येत होतं. १९५६ मध्ये त्यियो आणि लेव्हान यांनी स्वीडनमध्ये पेशी फुगवून, गुणसूत्रं नीट पसरवून मोजली तर ४६ भरली. त्याच दशकात अजून एक समज गेला. दोन विभाजनांमधल्या काळाला विश्रांतीची अवस्था म्हणायचे, पण १९५३ मध्ये हॉवर्ड आणि पेल्क यांनी रोपाच्या मुळांवर दाखवलं की डीएनए दुप्पट होण्याचं सगळं काम याच काळात होतं. लॅबमध्ये वाढवलेली माणसाची पेशी साधारण चोवीस तासांत एक फेरी पूर्ण करते, त्यात प्रत्यक्ष विभाजन तासाभराचं, बाकी सगळी तयारी.

आणि पेशीच्या आतही हीच गोष्ट चालते. पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका, मायटोकॉन्ड्रिया, तिच्या नावातही तोच मिटोस आहे, १८९८ मध्ये बेंडाने ठेवलेलं. तिच्यात स्वतःचा डीएनए असतो हे १९६३ मध्ये कळलं, आणि १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिसने मांडलं की हे मुळात वेगळे जिवाणू, कधीतरी मोठ्या पेशीच्या आत गेले आणि तिथेच राहिले. आधी खूप विरोध झाला, आता मान्य आहे. पेशी त्यांना शून्यातून बनवू शकत नाही, जुनी तंतुकणिका दुभंगते तेव्हाच नवी होते, आणि माणसात त्या आईच्या अंडपेशीतूनच मुलाकडे येतात.