पोट साफ होण्याचं वेळापत्रक बदलतं तेव्हा

‘पोट साफ होत नाही’ म्हणून दवाखान्यात आलेल्या तिघांची दुखणी तीन तऱ्हेची असू शकतात. एकाला तीन दिवस शौचाला झालेली नसते. दुसऱ्याला रोज होते, पण कुंथून जीव मेटाकुटीला येतो. तिसऱ्याला जाऊन आल्यावरही काहीतरी आत राहिलंय असं वाटतं. म्हणून डॉक्टर आधी खोदून खोदून विचारतात. लाजून अर्धवट सांगितलं, तर पुढच्या तपासण्याही भलत्या दिशेने जातात.

रोज सकाळी एकदा झालीच पाहिजे, असा काही शरीराचा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळं निरोगी माणसांत चालतं. वर्षानुवर्षं एक दिवसाआड जाणाऱ्याने उगाच रेचकांच्या नादी लागू नये. पण स्वतःची जुनी सवय काही आठवडे मोडलेलीच राहिली, तर कारण शोधायला हवं.

लहान आतड्यात रोज साधारण ९ लिटर द्रव उतरतो. त्यातला बराचसा पाचकरसांचा. मलावाटे बाहेर पडतं जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी, बाकीचं आतडी शोषून घेतात. मल मोठ्या आतड्यात रेंगाळला की पाणी जास्त ओढलं जाऊन खडे होतात, घाईने पुढे सरकला की पातळ होतो. त्यामुळे किती वेळा गेलात यापेक्षा मलाचं रूप आतड्याचा वेग जास्त नेमका सांगतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल तक्त्यात त्याचे सात प्रकार आहेत: पहिला सुट्या खड्यांचा, सातवा निव्वळ पाण्यासारखा.

कारण शोधताना मी तरी सर्वांत आधी औषधांच्या डब्याकडे बोट दाखवेन. लोहाच्या गोळ्या, अफूवर्गीय वेदनाशामकं, व्हेरापामिलसारखी रक्तदाबाची औषधं बद्धकोष्ठ करतात. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि अँटिबायोटिक्सनी जुलाब होतात. अँटासिडची तर गंमतच आहे: मॅग्नेशियम असेल तर पातळ, ॲल्युमिनियम असेल तर घट्ट! थायरॉइड मंदावलं की आतडंही मंदावतं. पार्किन्सन्समध्ये हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठ सुरू झालेलं असू शकतं.

वृद्धांमध्ये एक फसवा प्रकार दिसतो. गुदाशयात घट्ट मल अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपत राहतो. घरच्यांना ते जुलाब वाटतात, जुलाब थांबवायची गोळी दिली जाते आणि अडकलेला मल आणखी अडकतो. अशा वेळी डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने केलेली मिनिटभराची तपासणी बऱ्याचदा निदान करून टाकते.

पोटदुखी शौचाशी जोडलेली असेल आणि मलाचं रूप किंवा वेळा बदलत असतील, तर चिडक्या आतड्याचा, म्हणजे आयबीएसचा, विचार होतो. मात्र झोपेतून उठवणारे जुलाब, घटतं वजन, रक्तक्षय, मलातून रक्त, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच झालेला बदल, यांतलं काही असेल तर आयबीएसचा शिक्का घाईने मारू नये. मग रक्ताच्या आणि मलाच्या तपासण्या होतात, गरजेनुसार कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासणं. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागातली गाठ शौचाची सवय लवकर बिघडवते, कारण तिथे मल घट्ट झालेला असतो. उजव्या भागात तो पातळ असतो, त्यामुळे तिथली गाठ अनेकदा नुसत्या रक्तक्षयातूनच उघडकीला येते.

मूळव्याध आहे म्हणून रक्त पडतंय, असं मात्र परस्पर ठरवू नये. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो ते ठीक, पण डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा मल बहुधा जठरातल्या किंवा त्याच्या आसपासच्या रक्तस्रावाचा असतो. तेव्हा ताबडतोब रुग्णालय गाठावं.